ताप उतरला म्हणजे आजार गेला?

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी सुरतहून वहिनीचा फोन आला. "ताई, पोऱ्याले ताप येस नी उतरी जास. तोंड पार पिवयं पडी गयं." माझा भाचा बावीस वर्षांचा आहे. कापड मार्केटात साड्यांचे पार्सल बांधायचं काम करतो. रोज गेलं तर रोजचे पैसे. चार दिवस तापात गोळी घेऊन कामावर जात होता, असं कळलं. मी पिशवी भरली आणि ताप्ती लाइनची गाडी पकडली. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं नवापूर स्टेशन मागे पडलं, सोनगड, व्यारा, बारडोली झालं आणि दुपारी मी उधन्याला उतरले.

लिंबायतला भावाच्या घरी पोहोचले तर हा पठ्ठ्या मजेत ताटावर बसलेला! मला बघून हसला. म्हणाला, "आत्या, तू उगाच उनी. ताप ते उतरी गया." मलाही हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तो मार्केटातून लवकर परतला तो दात वाजवतच. एक गोधडी टाकली, दुसरी टाकली, वर घोंगडी टाकली, तरी पलंग हलत होता. तासाभरानं थंडी गेली आणि अंग तव्यासारखं तापलं. रात्री घामानं अंथरूण भिजलं आणि तो गाढ झोपला. सकाळी उठून चहा मागितला आणि चपला शोधू लागला. काय, तर कामाला जातो!

मी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. एक दिवस आड येणाऱ्या तापाला आयुर्वेदात 'तृतीयक' ज्वर म्हणतात, हे मुलांना सांगितलेलं होतं. चपला काढून घेतल्या आणि त्याला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नेलं. बोटाला सुई टोचली, काचेवर रक्ताचा थेंब घेतला. रिपोर्ट आला : मलेरिया, प्रकार व्हायव्हॅक्स. डॉक्टरांनी विचारलं, "दोन आठवड्यांपूर्वी कुठे बाहेरगावी गेला होतास का?" तो म्हणाला, "नाही, इथेच होतो." तेव्हा वहिनी मध्येच म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब, दोन आठवड्यांपूर्वी तर हा ठणठणीत होता!"

वहिनीचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. डास चावला तेव्हापासून ताप येईपर्यंत शरीरात काय चाललं होतं? शरीर झोपलं होतं का? आणि ताप उतरला की आजार गेला, असं आपण का समजतो? आजच्या लेखात याबद्दलच थोडं बोलू या.

मलेरियाचा जंतू अॅनॉफिलीस जातीच्या मादी डासाकडून येतो, हे आपण सगळे शिकलो आहोत. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हा जंतू दिसला. पण गंमत अशी, की डास चावल्यावर पहिले आठ-दहा दिवस हा जंतू माणसाच्या रक्तात सापडत नाही. मग तो जातो कुठे? हे कोडं सुटायला आणखी पन्नास वर्षं लागली. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तो आपल्या यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, लपलेला असतो. यांतले हेन्री शॉर्ट पूर्वी भारतात वैद्यकीय सेवेत होते.

डास चावताना आपल्या लाळेबरोबर सुईच्या आकाराचे काही डझन जंतू कातडीत सोडतो. त्यांतले काही कातडीतच अडकून मरतात. काही जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचतात आणि तिथे पांढऱ्या पेशींच्या हाती लागतात. तिथे शरीर त्या जंतूचा चेहरा पहिल्यांदा पाहतं आणि त्याच्याविरुद्ध तयारीला लागतं. पण या तयारीला आठवडा तरी लागतो आणि वाचलेले थोडेसे जंतू रक्तातून काही तासांतच यकृतात शिरलेले असतात. एक जंतू यकृताच्या एका पेशीत शिरतो आणि आठवड्याभरात त्याचे हजारो होतात.

या काळात यकृत अगदी गप्प बसतं असंही नाही. २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की यकृताच्या पेशी घुसखोर ओळखतात आणि इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा निरोप शेजारच्या पेशींना धाडतात. पण आत शिरलेल्या पेशी असतात मोजक्या. एवढ्या मोठ्या यकृतात त्यांचा निरोप म्हणजे गल्लीतल्या एका घरातून आलेली हाक. ती गावभर पोहोचत नाही. म्हणून ना ताप, ना अंगदुखी. माझा भाचा त्या दिवसांत पार्सलं बांधत होता, संध्याकाळी क्रिकेट खेळत होता. वहिनीला दिसला तो ठणठणीत मुलगा खोटा नव्हता. फक्त आत पेरणी झालेली होती.

मग यकृतातून बाहेर पडलेले हजारो जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरतात. जंतूनं ही जागा मोठ्या हुशारीनं निवडली आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आत काय चाललं आहे त्याचा नमुना बाहेर टांगून ठेवतात. घरात चोर शिरला तर पहारेकऱ्याला दारावरूनच कळावं, तशी ही व्यवस्था. पण तांबड्या पेशीला ना केंद्रक, ना ही पाटी. त्यामुळे रोगट पेशी शोधून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्या दारावरून निघून जातात. आत बसून जंतू हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून पुढच्या पेशींत शिरतो. पेशी फुटणं आणि थंडी वाजणं यांची वेळ जुळते, हे इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी १८८६ च्या सुमारास दाखवलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत जंतूंच्या टोळ्या एका वेळी फुटत नाहीत, म्हणून तेव्हा ताप कसाही येतो, रोजही येतो. एक दिवस आड असा नेम नंतर बसतो. आणि हो, 'पाळी बसली नाही म्हणजे मलेरिया नाही' असं समजून थांबणं चुकीचं.

आता ताप. ताप जंतू आणत नाही, ताप आपलं शरीर आणतं. पेशी फुटली की जंतूबरोबर त्यानं खाल्लेल्या हिमोग्लोबिनचा काळा कचराही रक्तात सांडतो. रक्तातल्या पहारेकरी पेशी तो गिळतात, चवताळतात आणि रसायनं सोडतात. ती मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रापर्यंत पोहोचली की मेंदू हुकूम देतो : अंग तापवा! स्नायू थरथरू लागतात. हीच ती हुडहुडी. या उष्णतेनं जंतूच्या वाढीला थोडा आळा बसतो. त्याच वेळी आणखी काही पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्यानं गिळणाऱ्या पेशींची भूक वाढते. या पेशींना आधीची ओळख लागत नाही. घरात साप निघाला तर जो उठेल तो काठी घेतो, तशी ही शरीराची पहिली धावपळ.

या धावपळीत सर्वांत जास्त राबते ती पाणथरी, म्हणजे प्लीहा. पोटात डाव्या बरगडीखाली ती असते. रक्त तिच्या बारीक फटींतून गाळलं जातं. चांगली तांबडी पेशी लवचीक असते, ती दबून पार होते. जंतू शिरलेली पेशी ताठर होते, ती अडकते आणि तिथे गिळली जाते. काम वाढलं की पाणथरीही वाढते. इंग्रजांच्या काळात एखाद्या गावात मलेरिया किती हे बघायला डॉक्टर शाळेतल्या मुलांची पोटं चाचपायचे. किती मुलांची पाणथरी हाताला लागते, यावरून गावाचा अंदाज बांधायचे. 'पोराची पाणथरी वाढली' हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडून मी कितीदा ऐकलं आहे. मोठी झाल्यावर त्याचा अर्थ कळला.

आजीचं दुसरंही एक म्हणणं होतं. "अंगाले सवय व्हई जास." अंगाला सवय होते. ते अगदीच खोटं नाही. पहिल्या धावपळीनंतर साधारण आठवड्यानं शरीर नेमकी शस्त्रं घडवू लागतं. प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडीज, तयार होतात. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, ती याच आठवणीची करामत. मग मलेरिया पुन्हा पुन्हा का होतो?

कारण हा जंतू बहुरूप्यासारखा सोंगं बदलतो. फाल्सिपेरम हा त्याचा जास्त घातक प्रकार. तो तांबड्या पेशीच्या अंगावर एक चिकट प्रथिन काढतो आणि त्या जोरावर बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसतो. पाणथरीच्या चाळणीतून जावं लागू नये म्हणून ही युक्ती. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत असं झालं तर माणूस बेशुद्ध होतो, दगावतो. शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, तोवर जंतूनं दुसरं प्रथिन पुढे केलेलं असतं. अशी साठेक सोंगं त्याच्या पेटीत असतात. ती एकेक करून ओळखायला शरीराला वर्षं लागतात. आफ्रिकेतल्या ज्या गावांत सतत डास चावतात, तिथली मोठी माणसं त्या जोरावर सौम्य तापावर निभावतात. पण त्या वाटेवर कितीतरी लहान मुलं बळी पडतात. आणि गाव सोडून काही वर्षं दूर राहिलं की ही सवयसुद्धा ओसरते.

आमच्या सुरत-नंदुरबारच्या माणसाला तर एवढीही सवय नाही. इथे मलेरिया पावसाळ्यापुरता आणि तुरळक. देशातही त्याचे रुग्ण पूर्वीपेक्षा खूप कमी झाले आहेत आणि २०३० पर्यंत तो संपवायचं उद्दिष्ट आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आजच्या तरुणाच्या शरीरानं हा जंतू बहुधा पाहिलेलाच नसतो. आजीच्या भरवशावर नातवानं राहू नये.

एक संरक्षण मात्र आपल्या भागात पिढीजात आहे. सातपुड्यातल्या आणि तापीकाठच्या आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचा दोष बराच आढळतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो आला तर सहसा त्रास होत नाही, उलट फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून बरंच रक्षण मिळतं. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवून दिलं. पण दोघांकडून आला तर मुलाला आयुष्यभराचं दुखणं. मलेरियाशी झुंजताना माणसाच्या रक्तानं मोजलेली ही किंमत आहे. म्हणून लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, एवढं जाता जाता सांगते.

कोणी म्हणेल, सुरत तर स्वच्छ शहर, तिथे मलेरिया कसा? सप्टेंबर १९९४ मधली प्लेगची साथ आठवत असेल. त्या वेळी आपल्याच गाड्या भरभरून माणसं गावी परतली होती. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराचा कायापालट झाला, देशभर नाव झालं. पण शहरात मलेरिया पसरवणाऱ्या स्टीफेन्सी या डासाला गटार लागतच नाही. त्याला स्वच्छ पाणी आवडतं. गच्चीवरची उघडी टाकी, नव्या इमारतीवर साठवलेलं पाणी, पिंपात भरून ठेवलेलं पिण्याचं पाणी, तिथे तो अंडी घालतो. भावाच्या चाळीतल्या टाकीचं झाकण तुटलेलं मीच पाहिलं. गल्लीत पालिकेची माणसं टाक्या तपासायला आली की बायका दार लावून घेतात, हेही पाहिलं. त्यांना दार उघडा, बायांनो!

आता माझ्या चुकीकडे येते. डॉक्टरांनी भाच्याला तीन दिवसांच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या आणि प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या. दुसऱ्या गोळीआधी जी-६-पी-डी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. शरीरात हे द्रव्य जन्मतः कमी असलं तर त्या गोळीनं तांबड्या पेशी फुटू शकतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देतच नाहीत. तपासणी नीट आली, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ताप थांबला. मी पाचव्या दिवशी नंदुरबारला परतले. नऊ दिवसांच्या गोळ्या बाकी होत्या. मी त्यांचं महत्त्व त्याला नीट समजावून सांगितलं नाही, नंतर फोन करून विचारलंही नाही.

दिवाळीला सगळे आमच्याकडे आले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लावत असताना माझा भाचा कोपऱ्यात गोधडी ओढून बसला. दात वाजत होते. मी विचारलं, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?" तो खाली बघत म्हणाला, "ताप ते उतरी गया व्हता, मंग गोया कसाले?" त्या दोन महिन्यांत त्याच्या अंगातलं रक्त कमी झालं होतं. जिना चढताना धाप लागत होती आणि मार्केटात शेठनं दुसरा मुलगा कामाला ठेवला होता.

व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात वाढतच नाहीत, नुसते निजून राहतात. आठवडे, महिने, कधी वर्षभरही. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना या निजलेल्या जंतूंचा पक्का छडा लागला. रक्तातल्या जंतूंचा क्लोरोक्विननं निकाल लागतो, ताप जातो, माणूस उठून कामाला लागतो. पण यकृतातल्या या निजलेल्यांवर तिचा इलाज चालत नाही आणि आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांनाही ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठीच ते १४ दिवस. दिवाळीतला ताप जुन्या जंतूंचा की नव्या डासाचा, हे रक्त बघून सांगता येत नाही. पण अर्धवट सोडलेल्या गोळ्या तर समोरच होत्या.

आणखी एक गोष्ट. व्हायव्हॅक्समध्ये डासाला लागण करणारी जंतूंची रूपं रक्तात फार लवकर तयार होतात. म्हणजे सुरतहून सणाला आलेला एक तापाचा मुलगा इथल्या अंगणातल्या डासाला जंतू देऊ शकतो आणि तो डास शेजारच्या लेकराला. आपली निम्मी घरं तिकडे आणि निम्मी इकडे. औषध अर्धं सोडलं तर त्याची झळ दोन्हीकडच्या घरांना लागते.

यावर लस नाही का, असं वाचक विचारतील. आहे, आणि तिच्यात आपल्या पुण्याचा हात आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठानं विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारशीला घेतली. त्याआधी २०२१ मध्ये आर.टी.एस.,एस. या लशीची शिफारस झाली होती. दोन्ही लशी फाल्सिपेरमसाठी आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या बालकांसाठी आहेत. त्यांचा विचार मला फार आवडला. डास चावल्यावर जंतू यकृतात पोहोचायच्या आतच त्याला धरायचं! शरीराला जी ओळख पटायला आठवडा लागतो, ती लस आधीच करून देते. पण आपल्या घरात तूर्त तरी मच्छरदाणी, टाकीचं झाकण, रक्ताचा थेंब आणि पूर्ण गोळ्या, एवढंच आपलं बळ.

भाच्याचं पुढे काय झालं? दिवाळीनंतर इथेच ठेवून घेतलं. जिल्हा रुग्णालयात रक्त तपासलं, औषध पुन्हा सुरू झालं. रोज रात्री जेवण झालं की मी गोळी हातावर ठेवायची आणि कॅलेंडरवर फुली मारायची. चौदावी फुली त्यानं स्वतः मारली. मग नागलीच्या भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी खाऊन तोंडावर तेज आलं. पौषात तो सुरतला गेला, दुसऱ्या दुकानात कामाला लागला. परवा त्याचा फोन आला. शेजारच्या खोलीतल्या मुलाला थंडी वाजत होती. "मी त्याले रगत तपासाले लई गयतू, आत्या. आते रोज गोयी लिधी का नही, ते इचारस."

मैत्रिणींनो, आपल्या शरीराची पहिली फळी शूर आहे. ओळखदेख नसताना ती लढायला उभी राहते, अंग तापवते, घाम काढते. पण ती थकते आणि तिला सगळं दिसत नाही. ताप आला की दोन दिवस वाट बघू नका, रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आणि ताप उतरला की पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत, तेवढं मोजा.